पाच सेकंदांचं दान आणि त्याआधीची दहा मिनिटं

रात्री साडेदहाला दहावीच्या ग्रुपवर मेसेज पडला. चार वर्षांची मुलगी, पुण्यातलं मोठं हॉस्पिटल, हृदयाचं ऑपरेशन, 'एक रुपया तरी द्या', आणि खाली क्यूआर कोड. पाच मिनिटांत अकरा जणांनी हात जोडले, तिघांनी 'पाठवले' असं लिहिलं. मीही पाचशे पाठवले. पैसे गेल्यावर स्क्रीनवर जे नाव आलं ते ना मुलीच्या वडिलांचं होतं, ना हॉस्पिटलचं. दुसऱ्या दिवशी मेसेजमधल्या नंबरला फोन लावला तर तो बंद. आठवडाभराने तोच फोटो, तोच मजकूर बायकोच्या भिशीच्या ग्रुपवर आला. यावेळी हॉस्पिटल नागपूरचं होतं.

थोडं थोडं, पण पुष्कळांकडून गोळा करायचं ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा मागत पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी बायका रोजच्या दळणातून मूठभर धान्य बाजूला काढत, त्याला मुष्टिफंड म्हणत. तेव्हा मागणारा माणूस दारात उभा असायचा. तो कोणाचा कोण, हे आपल्याला किंवा शेजाऱ्याला ठाऊक असायचं. २०१६ साली यूपीआय आलं आणि मागणारा दारातून फोनमध्ये गेला. चौकशी करायचं काम मात्र कोणी आपल्या अंगावरून काढून घेतलेलं नाही. ते त्याच फोनवर, दहाएक मिनिटांत होतं. ती दहा मिनिटं कशी वापरायची, हे मी चुका करत शिकलो. तेच इथे क्रमाने लिहितो.

पायरी १: मेसेजमध्ये तारीख शोधा

'उद्या सकाळी ऑपरेशन आहे' यातला 'उद्या' कुठल्या वर्षातला, हे बहुतेक मेसेजमध्ये नसतं. तारीख नसेल तर तिथेच थांबा. फोटो गूगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो दुसऱ्या राज्यातल्या दुसऱ्या नावाच्या मुलासाठी वापरलेला सापडतो, आणि असं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. रक्ताच्या मेसेजचं तर विचारूच नका. ज्याला रक्त हवं होतं तो बरा होऊन कामाला लागतो, तरी त्याचा मेसेज फिरतच असतो. कुठल्या रक्तपेढीत कोणत्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत हे सरकारच्या ई-रक्तकोष पोर्टलवर दिसतं. मेसेज पुढे ढकलण्याआधी तिथे पाहा.

नंतर हॉस्पिटलला फोन करा, पण मेसेजमधल्या नंबरवर करू नका. हॉस्पिटलच्या वेबसाइटवर जो नंबर असेल त्यावर करा. ऑपरेटरला 'समाजसेवा विभाग द्या' म्हणा. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, मोठ्या खासगी रुग्णालयांत मेडिकल सोशल वर्कर. ते रुग्णाच्या आजाराबद्दल बोलणार नाहीत, आणि बोलूही नये. पण 'या नावाच्या पेशंटसाठी पैसे गोळा होतायत, तुम्हाला माहिती आहे का, आणि थेट पेशंटच्या बिलात पैसे भरता येतील का' एवढं विचारता येतं. बिलात थेट भरता येत असेल तर बाकी सगळे प्रश्न तिथेच मिटतात.

पैसे पाठवताना यूपीआय ॲप समोरच्या खातेदाराचं नाव दाखवतं. पिन टाकण्याआधी ते वाचा. मी वाचलं नव्हतं. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधी जाहीर झाला आणि काही दिवसांतच शेवटचा 'एस' गाळलेला, अगदी खऱ्यासारखा दिसणारा खोटा यूपीआय आयडी फिरू लागला. दिल्ली पोलिसांना त्याबद्दल लोकांना सावध करावं लागलं. एका अक्षराचा फरक रात्री साडेदहाला, चष्मा डोक्यावर असताना दिसत नाही.

आणखी एक गोष्ट आईवडिलांना जरूर सांगा: पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. 'तुमचं दान परत करतोय, पिन टाका' असं कोणी म्हणालं तर तो चोर आहे. फसलात तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

पायरी २: दवाखान्याचा खर्च असेल तर आधी हक्क बघा, मग वर्गणी

ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची हीच आहे.

महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ एए खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली ही योजना आहे. रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते. अनेक चकचकीत, पंचतारांकित दिसणारी रुग्णालयं कागदोपत्री धर्मादाय आहेत, आणि नातेवाइकांना ते माहीत नसतं. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन समाजसेवा विभागात गेलं की अर्ज करता येतो. नकार मिळाला तर लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे जा.

याशिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रुग्णालयात तिचे आरोग्यमित्र बसतात. मुख्यमंत्री सहायता निधीतून ठरावीक गंभीर आजारांना मदत मिळते. एखाद्या मित्राने 'मदत पाहिजे' असा मेसेज टाकला की मी आता पैसे पाठवण्याआधी त्याला फोन करून विचारतो, 'या तीन दारांवर जाऊन आलास का?' पाचदहा हजार पाठवून सुटका करून घेण्यापेक्षा त्याच्याबरोबर एक दिवस कागदपत्रांसाठी फिरलेलं जास्त उपयोगी पडतं.

हे सगळं करूनही खर्च आवाक्याबाहेर असेल तर क्राउडफंडिंग, म्हणजे संकेतस्थळावर मोहीम काढून पुष्कळांकडून पैसे गोळा करणं. भारतात मिलाप २०१० पासून, केटो २०१२ पासून आणि इम्पॅक्टगुरू २०१४ पासून हे काम करतात. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी झालेल्या बाळांसाठी लागणारं सुमारे १६ कोटींचं इंजेक्शन २०२१ मध्ये आपल्याकडे घराघरांत माहीत झालं ते अशाच मोहिमांमुळे. गावची वर्गणी कितीही फिरवली तरी तेवढी रक्कम कधी जमली नसती. जिथे पैशाची गरज प्रचंड आहे आणि वेळ थोडा आहे, तिथे या व्यवस्थेला खरंच तोड नाही.

पण मोहिमेच्या पानावर चार गोष्टी बघा. रुग्णालयाच्या लेटरहेडवर खर्चाचा अंदाज, सही-शिक्क्यासह आहे का? पैसे रुग्णालयाच्या खात्यात जाणार की मोहीम चालवणाऱ्याच्या? अपडेट शेवटचं कधी टाकलंय? आणि पैसे भरण्याच्या पानावर 'टिप' नावाचा रकाना आधीच भरून ठेवलेला आहे का? हजार रुपये द्यायला जावं आणि खात्यातून हजारापेक्षा बरेच जास्त वजा व्हावेत, हा अनुभव मी घेतला आहे. संकेतस्थळ चालवायला खर्च येतो हे मान्य. तो द्यायचा की नाही हे मात्र मला ठरवू द्या. तो रकाना बदलता येतो, पण त्यासाठी पानाच्या तळापर्यंत जावं लागतं. व्यक्तीच्या उपचारासाठी दिलेल्या पैशावर प्राप्तिकराची सवलत सहसा मिळत नाही, हेही आधीच समजून घ्या.

पायरी ३: संस्थेला देताय, तर नोंदणीपासून सुरुवात करा आणि तिथे थांबू नका

महाराष्ट्रातल्या विश्वस्त संस्थेचा नोंदणी क्रमांक साधारणपणे एक अक्षर, आकडा आणि जिल्हा असा असतो. सामाजिक संस्थांचा बहुतेक वेळा 'ई' किंवा 'एफ'ने सुरू होतो. तो पावतीवर असायलाच हवा. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर ताडून पाहता येतो. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर संस्थेचं नाव, पदाधिकारी, कामाचं क्षेत्र दिसतं. पण दर्पणवर नाव आहे म्हणजे सरकारने संस्थेला शाबासकी दिली, असं मुळीच नाही. संस्थेने स्वतः भरलेली माहिती तिथे असते. 'नीती आयोग मान्यताप्राप्त' असं फलकावर लिहिणारी संस्था दिसली की मी जरा जास्तच चौकशी करतो.

मग लेखापरीक्षित हिशेब मागा. चांगली संस्था देते, किंवा तो संकेतस्थळावर ठेवलेलाच असतो. हिशेबात काय पाहायचं, यावर माझं मत थोडं वेगळं आहे. 'पगारावर किती खर्च होतो' हा प्रश्न आपले लोक फार आवडीने विचारतात, आणि पगार कमी दिसला की खूश होतात. अहो, दारू सोडवण्याच्या केंद्रात समुपदेशकाचा पगार म्हणजेच काम आहे, तो खर्च कसा 'वरचा'? पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू झालं. तिथे येणारा माणूस बरा होतो तो त्याच्याशी बोलणाऱ्या माणसांमुळे. पगार शून्य दाखवणाऱ्या संस्थेचं मला जास्त भय वाटतं, कारण एक तर काम होत नाही किंवा पगार दुसऱ्या नावाने निघतो. मी पाहतो ते हे: मागच्या वर्षी आलेले पैसे खर्च झाले की नुसतेच ठेवीत पडून आहेत, आणि विश्वस्तांच्या नातेवाइकांना भाडं किंवा कंत्राट गेलंय का.

यानंतर फोन करा. 'मी दरमहा पाचशे देऊ शकतो, त्यात तुमच्याकडे काय होतं?' एवढा साधा प्रश्न. काम करणारी माणसं याचं उत्तर पटकन, आकड्यांत आणि थोडं कंटाळून देतात. फार गोड उत्तर आलं तर एकदा जाऊन या. 'लोकसत्ता' दर गणेशोत्सवात 'सर्वकार्येषु सर्वदा' या उपक्रमातून संस्थांची ओळख करून देतो आणि वाचक त्यांना धनादेश पाठवतात. तिथे ही चौकशी वर्तमानपत्राने आपल्यासाठी केलेली असते. ज्यांना स्वतः शोधाशोध जमत नाही त्यांच्यासाठी तो रस्ता चांगला.

शेअर बाजाराची सवय असलेल्यांसाठी एक नवा दरवाजा उघडलाय: सोशल स्टॉक एक्स्चेंज. सेबीने २०२२ मध्ये त्याची चौकट आखली. संस्था तिथे 'झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल' रोखे काढते, म्हणजे ना व्याज, ना मुद्दल परत. नाव भारदस्त असलं तरी ते दानच आहे. फायदा एवढाच, की संस्थेला कामाचा अहवाल नियमाने द्यावा लागतो.

पायरी ४: पावती आणि ८०जी, थोडक्यात

८०जी म्हणजे दानावर प्राप्तिकरात वजावट देणारं कलम. रोख २,००० रुपयांच्या वर दिलंत तर ही सवलत नाही. धान्य, कपडे, वस्तू दिल्यात तर नाही. नव्या करप्रणालीत असाल तर या दानावर वजावट मिळत नाही, आणि आता काही न निवडल्यास नवीच प्रणाली लागू होते. जुन्या प्रणालीत राहून ५० टक्के वजावटीच्या संस्थेला १०,००० दिलेत तर उत्पन्नातून ५,००० वजा होतात. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे हजारभर रुपये वाचतात. (काही जण 'दहा हजार दिले की दहा हजार परत' असं समजून बसलेले असतात, आणि त्यांना समजावणं हे सीएच्या कामाचा निम्मा भाग असावा.) मुख्यमंत्री सहायता निधीसारख्या निधींवर १०० टक्के वजावट मिळते.

पैसे दिले त्याच दिवशी संस्थेला पॅन कळवा. संस्था वर्षअखेरीनंतर देणगीदारांची यादी प्राप्तिकर खात्याला कळवते आणि तुम्हाला प्रमाणपत्र देते. आजवर त्याचं नाव फॉर्म १०बीई होतं. नुसती छापील पावती आता पुरत नाही. प्राप्तिकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. संस्थेत मात्र 'एटी-जी आहे का?' असंच विचारा, सगळ्यांना कळतं.

पायरी ५: पूर आला की दोन दिवस थांबा

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला तेव्हा आम्हीही टेम्पो भरून पाठवला. बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, आणि लोकांनी कपाटातून काढलेले कपडे. मी बरोबर गेलो होतो. ज्या शाळेत छावणी होती तिच्या पटांगणात कपड्यांचा ढीग पावसात भिजत पडलेला होता. त्यात पार्टीवेअर होतं, लहान मुलांचे फाटके स्वेटर होते. छावणीतली एक मावशी मला म्हणाली, "दादा, कपडे खूप झाले. झाडू आणि फिनेल मिळंल का?" चिखल घरात गुडघ्याएवढा होता.

आता आपत्ती आली की मी पहिले दोन दिवस काहीच पाठवत नाही. त्या भागात आधीपासून काम करणारी संस्था शोधतो, तिथल्या माणसाला विचारतो आणि पैसे पाठवतो. सामान पाठवायचंच असेल तर यादी तिकडून येऊ द्या. पहिल्या आठवड्यात मदतीची गर्दी होते, आणि तिसऱ्या आठवड्यात, चुली पेटवायच्या, वह्या-पुस्तकं घ्यायच्या वेळी कोणी नसतं. फोनमध्ये तीन आठवड्यांनंतरची आठवण लावून ठेवा. त्या दिवशी दिलेले हजार पहिल्या दिवशीच्या पाच हजारांएवढे कामाला येतात.

हातांचं दान इथे विसरायला नको. पाणी फाउंडेशनची गावांसाठीची जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली. गावकऱ्यांना प्रशिक्षण मिळालं, आणि पुढे शहरातल्या लोकांनी 'जलमित्र' म्हणून ऑनलाइन नाव नोंदवून १ मे २०१८ ला गावोगावी जाऊन श्रमदान केलं. नेटवर्कचा मला पटलेला हा सर्वांत चांगला उपयोग: फोनने माणसं जमवली, आणि पुढचं काम कुदळीने झालं.

पायरी ६: दरमहा, थोडं

संस्थेला सर्वांत जास्त काय हवं असतं, तर पुढच्या महिन्यात किती येणार हे आधी माहीत असणं. यूपीआय ऑटोपे किंवा बँकेची स्थायी सूचना लावली की हे काम होतं. एक किंवा दोनच संस्था निवडा. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आसपास, त्यांना फोन करून विचारा काय चाललंय. उत्तर आवडलं नाही तर ऑटोपे बंद करा आणि का बंद केलं ते सांगा.

पायरी ७: आणि ग्रुपचे खजिनदार तुम्हीच असाल तर

आता माझं प्रकरण. दहावीला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही गेट-टुगेदर केलं. जेवणं झाल्यावर नेहमीप्रमाणे कोणीतरी म्हणालं, "अरे, शाळेसाठी काहीतरी करूया." शाळा जिल्हा परिषदेची. हिशेबाची नोकरी करतो म्हणून खजिनदार मी. त्याच रात्री माझा क्यूआर कोड ग्रुपवर गेला आणि पंधरा दिवसांत १,८६,००० रुपये माझ्या बचत खात्यात आले. इथे मी एकामागून एक चुका केल्या, त्या तुम्ही करू नका.

पहिली चूक खात्याची. एका मित्राने जे पैसे पाठवले होते त्यांचा माग कुठल्या तरी सायबर तक्रारीपर्यंत जात होता. त्यात त्याचाही दोष नव्हता, त्याने जुना मोबाइल विकून ते घेतले होते. पण माझं खातं काही दिवस गोठलं, आणि त्यात माझा पगार होता. बँकेत खेपा घालताना लक्षात आलं, की दुसरा प्रश्नही उभा राहू शकतो. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५०,००० पेक्षा जास्त आलेली रक्कम भेट म्हणून करपात्र ठरते. ते पैसे माझे नाहीत, मी फक्त गोळा करतोय, हे सिद्ध करायची जबाबदारी माझ्यावर येते. मुख्याध्यापिका बाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "अहो, शाळा व्यवस्थापन समितीचं खातं आहे ना! अशा वर्गणीला आम्ही शैक्षणिक उठाव म्हणतो. पावतीसुद्धा देतो." शिक्षण हक्क कायद्यानुसार अशा शाळेत पालकांची समिती असते. तर, शाळेसाठी गोळा करत असाल तर पहिल्याच दिवशी समितीचा खाते क्रमांक द्या. खासगी अनुदानित शाळा असेल तर संस्थेचं खातं. केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवरही शाळा आपल्या गरजा नोंदवतात, तिथे तुमची शाळा आहे का ते पाहा.

दुसरी गोष्ट परवानगीची. वर्गातल्या वर्गात पैसे काढणं वेगळं आणि 'गावातल्या सर्वांनी मदत करावी' असं आवाहन फिरवणं वेगळं. नोंदणीकृत विश्वस्त संस्था नसताना लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ सी खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच. अर्ज ऑनलाइन होतो. आमच्यातल्या एका उत्साही मित्राने आवाहन फेसबुकवर टाकलं होतं, ते आम्ही लगेच काढायला लावलं.

तिसरी चूक मला अजून टोचते. पारदर्शक राहायचं म्हणून मी रोज रात्री यादी टाकायचो: नाव, रक्कम. वरती पंचवीस हजारवाले, खाली पाचशेवाले. चौथ्या दिवशी एक जण काही न बोलता ग्रुपमधून बाहेर पडला. त्याचा टेम्पो आहे, त्या वर्षी धंदा बसलेला होता. हिशेब उघडा असावा, पण कोणी किती दिले हे कशाला? आता मी गूगल शीटमध्ये तारीख, रक्कम आणि व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे एवढंच ठेवतो. ज्याचं त्याला ओळखता येतं. खर्चाच्या बाजूला मात्र सगळं: दुकानाचं बिल, मजुरी, रिक्षाभाडं, फोटोसह. शीट बघायला सर्वांना खुली, बदलायला दोघांनाच.

परदेशातल्या मित्रांचं वेगळं. दुबईला असलेला आमचा मित्र भारतीय नागरिक आहे. त्याने स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेले पैसे परदेशी देणगी धरले जात नाहीत. न्यू जर्सीतला मित्र मात्र अमेरिकेचा नागरिक झालाय, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) आहे. त्याचे पैसे कायद्याच्या नजरेत परदेशी. ते घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात, असा २०२० च्या दुरुस्तीनंतरचा नियम आहे. "भावाच्या खात्यात टाकतो, तो देईल पुढे," असं तो म्हणाला. मी नाही म्हटलं. शेवटी त्याने तिकडून एफसीआरए असलेल्या दुसऱ्या एका संस्थेला दिले, जी आदिवासी मुलांसाठी वसतिगृह चालवते. थोडा रुसला, पण ठीक आहे.

आणि घ्यायचं काय? आम्हाला इंटरॅक्टिव्ह पॅनल द्यायचं होतं. फोटो छान येतो, खाली बॅचचं नाव टाकता येतं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दादा, द्या की पॅनल. पण लाइटबिल थकलंय, मीटर कधी कापतील सांगता येत नाही. आणि मुलींच्या बाथरूमला पाणी नाही." मग थकलेलं बिल भरलं, बोअरची मोटर दुरुस्त केली, हजार लिटरच्या दोन टाक्या बसवल्या, हात धुवायला नळांची रांग केली. प्रत्येक वस्तू शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये लिहून घेतली, म्हणजे मुख्याध्यापक बदलले तरी वस्तू शाळेची राहते. उरलेले पैसे समितीच्या खात्यात दुरुस्तीसाठी ठेवले. कोनशिलेवरून ग्रुपवर दोन दिवस भांडण झालं, ते इथे सांगत नाही.

सहा महिन्यांनी मी बाईंना फोन केला. पाणी नीट येतंय, मुलींची गैरहजेरी कमी झाल्यासारखी वाटते, म्हणाल्या. "फक्त एक तोटी मोडलीय, आठवडा झाला." ग्रुपवर तसं लिहिलं. चर्चा सुरू झाली: कोणत्या कंपनीची तोटी घ्यावी, वॉरंटी आहे का, प्लंबर कोण. टेम्पोवाल्या मित्राला मी त्याआधीच फोन करून परत ग्रुपमध्ये घेतलं होतं. तो काही बोलला नाही. रविवारी दुपारी त्याने एक फोटो टाकला. नळाला नवी पितळी तोटी, खाली भरलेली बादली. खाली लिहिलं होतं: 'बसवली. दीडशे रुपये. शीटमध्ये टाकू नको.'